दर तासाला विचारायचा एकच प्रश्न
न्यूरो विभागातल्या परिचारिकांसाठी प्रश्नोत्तरं

‘मेंदूच्या वॉर्डातल्या नर्सिंगचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं का, आणि त्यात नेमकं काय शिकवतात?’ असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. निम्मी पत्रं अभ्यासक्रम आणि प्रवेशाबद्दल आहेत. बाकीची थेट पेशंटच्या खाटेजवळून आलेली आहेत, आणि ती वाचायला आम्हांला जास्त आवडली. सारख्या प्रश्नांचा एकच प्रश्न केला आहे, नावं गाळली आहेत.

मी जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा झालेली) आहे. दोन वर्षं मेडिसिन वॉर्डात आहे. न्यूरोची ‘रेसिडेन्सी’ हा शब्द हल्ली ऐकते. हा डिप्लोमाच आहे की काही वेगळं? (नाशिक)

या एका शब्दाखाली दोन गोष्टी चालतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिली म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. विशेष शाखांमध्ये न्यूरोसायन्स नर्सिंगही आहे. हे अभ्यासक्रम आता रेसिडेन्सी पद्धतीने चालतात. वर्ग थोडे, आणि बहुतांश वेळ वॉर्ड, आयसीयू व ऑपरेशन थिएटरात ड्यूटी करत शिकायचं. त्यासाठी नोंदणीकृत परिचारिका असावं लागतं आणि साधारण एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. जीएनएम चालतं, तेव्हा तुम्ही पात्र आहात. बंगळुरूचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचं श्रीचित्रा ही या शाखेतली जुनी, नावाजलेली ठिकाणं. बी.एस्सी. झालेल्यांना पुढे एम.एस्सी. नर्सिंगमध्येही ही शाखा घेता येते. दिल्लीच्या एम्समध्ये ती आहे. डिप्लोमा झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये जादा पात्रता म्हणून नोंद करून घ्या. नुसतं प्रमाणपत्र फाइलला लावून पुढच्या नोकरीत त्याचं वजन पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णालयाने आपल्याच नव्या सिस्टर-ब्रदरसाठी चालवलेला सहा महिने ते एक वर्षाचा कार्यक्रम. यातून पदवी मिळत नाही, पण हात तयार होतात. अमेरिकेत ‘रेसिडेन्सी’ म्हणतात ती प्रामुख्याने ही. आपल्याकडे काही खासगी रुग्णालयं हाच शब्द जाहिरातीत वापरतात. अर्ज करण्याआधी एवढंच विचारा: शेवटी मिळणारं प्रमाणपत्र कौन्सिलमान्य आहे की रुग्णालयाचं? दोन्ही चांगली असू शकतात. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

आमच्या न्यूरो आयसीयूत एकाच पेशंटचा ग्लासगो स्कोअर (जीसीएस, शुद्ध किती आहे याचं माप) माझ्या शिफ्टला ९ आणि पुढच्या शिफ्टला ११ निघतो. पेशंट तर तसाच असतो. राउंडला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. चूक कुठे होते? (छत्रपती संभाजीनगर)

पहिली चूक म्हणजे नुसती बेरीज लिहिणं. ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ग्लासगोमध्ये हे मोजमाप मांडलं ते डोळे, बोलणं आणि हालचाल अशा तीन स्वतंत्र निरीक्षणांचं. डोळे २, बोलणं २, हालचाल ५ यांची बेरीज ९ होते. डोळे ४, बोलणं १, हालचाल ४ यांचीही ९ होते. हे दोन पेशंट एकमेकांपासून फार लांब आहेत. ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट सोपवताना, ‘जीसीएस नऊ’ म्हणू नका, ‘ई दोन, व्ही दोन, एम पाच’ म्हणा. श्वासाची ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी आकडा न टाकता ‘टी’ लिहा. डोळे सुजून मिटले असतील तर ‘तपासता येत नाही’ असं लिहा. तिथे १ लिहिला की पुढच्या शिफ्टला पेशंट आहे त्याहून वाईट दिसतो, आणि सूज उतरली की ‘सुधारणा झाली’ असा भास होतो.

दुसरी चूक प्रतिसाद बघायला दाब देण्याच्या पद्धतीत असते. आधी नुसतं बघा, मग हाक मारा, मग मोठ्याने हाक मारा. त्यानंतरच दाब द्यायचा, हळूहळू वाढवत, १० सेकंदांपर्यंत. डोळे उघडतात का हे बघायला नखाच्या बाजूला बोटावर. हालचालीसाठी खांद्यावरचा ट्रॅपेझियस स्नायू चिमटीत धरून किंवा भुवईखालच्या खाचेत. भुवईखालच्या दाबाने माणूस डोळे उलट घट्ट मिटतो, म्हणून डोळ्यांचा गुण त्यावरून देऊ नये. चेहऱ्याच्या हाडाला मार असेल तर तिथे हातच लावू नका. छातीच्या हाडावर मुठीने रगडायची सवय अजून पुष्कळ वॉर्डांत आहे. तिने नुसते काळेनिळे डाग उठतात आणि नातेवाइकांची भांडणं होतात. शिवाय हात छातीकडे आला तर तो दाबाच्या जागी आला की नुसता कोपरात वाकला, हे सांगता येत नाही. खांद्यावर दाब दिल्यावर हात गळपट्टीच्या हाडाच्या वर आला तर ५. कोपरात वाकला पण तिथवर पोचला नाही तर ४ किंवा ३. दोन्ही हातांनी वेगळा प्रतिसाद दिला तर गुण चांगल्या बाजूचा, पण वाईट बाजू शेजारी लिहायचीच.

हालचालीतले ‘सांगितलेलं ऐकतो’ हे ६ गुण सगळ्यात स्वस्तात वाटले जातात. पेशंटच्या तळहातात आपली बोटं दिली आणि त्याने ती धरली, की झाले ६. पण मेंदूला इजा झालेल्या माणसात धरण्याची प्रतिक्षिप्त क्रिया परत येते. तेव्हा ‘सोडा’ म्हणा. सोडलं तर ६. किंवा जीभ बाहेर काढायला सांगा.

आता भाषा. बोलण्याचे ५ गुण द्यायला नाव, ठिकाण आणि महिना विचारतात. सत्तर वर्षांच्या आजीला ‘मंथ कोणता?’ विचारलं आणि त्या गप्प राहिल्या तर दोष आपला. ‘आषाढ’ हे बरोबर उत्तर आहे. ‘आत्ताच एकादशी झाली’ हेही चालेल. त्या ‘मी वावरात आहे’ म्हणाल्या तर वाक्य पूर्ण आहे, पण गोंधळ आहे, ४. नुसतं ‘आई गं… आई गं’ असेल तर शब्द कळतो, म्हणून ३. नुसतं कण्हणं असेल तर २. ‘आई गं’ला २ की ३ यावर वॉर्डावॉर्डांत वाद असतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. पेशंट अहिराणी किंवा कोरकू बोलणारा असेल तर पहिल्या तपासणीला घरच्या माणसाला शेजारी उभं करा. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या झटक्यात (स्ट्रोकमध्ये) वाचा गेलेली असते, समजही कमी होते. अशा पेशंटला मूठ उघडून-मिटून दाखवा आणि तो नक्कल करतो का पाहा. स्कोअरच्या शेजारी ‘वाचाघात’ लिहा, नाहीतर १० गुण बघून कुणीतरी तो बेशुद्धीकडे चालला आहे असं समजेल.

शेवटचा उपाय फुकटचा आहे. ओव्हरच्या वेळी जाणारी आणि येणारी सिस्टर दोघींनी मिळून खाटेजवळ एकदा स्कोअर काढायचा. एकमत झालेला आकडा हा पुढच्या आठ तासांचा पाया. न्यूरोत आकड्यापेक्षा मागच्या तासाशी त्याची तुलना महत्त्वाची. पायाच डळमळीत असला तर तुलना कशाशी करणार? हालचालीत १ गुण किंवा एकूण २ गुण उतरले की डॉक्टरांना फोन. पुढचा तास होईपर्यंत थांबायचं नाही.

‘ईव्हीडी १५ वर ठेवा’ असा तोंडी आदेश असतो. रात्री अचानक खूप पाणी येतं, कधी काहीच येत नाही. (पुणे)

ईव्हीडी म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये काढणारी नळी. आधी १५ कशाचे ते विचारा. चेंबरशेजारच्या पट्टीवर एका बाजूला पाण्याचे सेंटिमीटर असतात, दुसऱ्या बाजूला पाऱ्याचे मिलिमीटर. पाऱ्याचा १ मिमी म्हणजे पाण्याचे १.३६ सेंमी. म्हणजे १५ सेंमी आणि १५ मिमी यांत पाच सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. आदेश लेखी घ्या, एककासह.

शून्य कुठे धरायचं? कानाच्या भोकासमोरची मऊ कूर्चा, ट्रॅगस. आतल्या फोरामेन ऑफ मन्रोची (मेंदूतलं पाणी वाहण्याच्या वाटेची) ती बाहेरून धरता येणारी खूण. नजरेने अंदाज करू नका. लेझर नसेल तर गवंड्याची छोटी पाणसळ दोरीला लावून घ्या, काम चोख होतं.

रात्रीचं पाणी बहुतेक वेळा असं येतं. मावशी चादर बदलताना खाट वर घेतात, कारण कंबर वाकवावी लागत नाही. चेंबर सलाइनच्या स्टँडवर तिथेच राहतं. खाट १० सेंमी वर गेली की १५ वर लावलेलं चेंबर डोक्याच्या हिशेबाने ५ वर आलं. आता पाणी धो-धो येणार. मेंदूतलं पाणी तासाला साधारण २० मिली, दिवसाला सुमारे ५०० मिली तयार होतं. काही मिनिटांत ३०-४० मिली गेलं तर व्हेंट्रिकल (मेंदूतली पाण्याची पोकळी) आक्रसतं, कवटीखालच्या शिरा ताणून फाटू शकतात, आणि फुटलेल्या धमनीच्या फुग्यावर अजून इलाज झालेला नसेल तर तो पुन्हा फुटू शकतो. खाट खाली घेतली की उलटं: काहीच निचरा नाही आणि दाब वाढत जातो. म्हणून कूस बदलणं, खाट हलवणं, उशी वाढवणं, सीटीला नेणं या सगळ्याआधी क्लँप. झालं की पातळी पुन्हा लावायची आणि क्लँप उघडायचा. उघडायला विसरणं ही यातली सगळ्यात महागडी चूक. क्लँप लावणाऱ्यानेच उघडायचा, मधे दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, असा नियम ठेवा. मावशी आणि मामांनाही दोन मिनिटं हे समजावून सांगा. खाटेला हात लावणारे पहिले तेच असतात.

पाणी अजिबात येत नसेल तर क्रमाने बघा: क्लँप कुठे राहिलाय का, नळी दुमडलीय का, नळीतलं पाणी श्वासाबरोबर हलतंय का, चेंबरच्या वरचा हवेचा फिल्टर ओला झालाय का. फिल्टर भिजला की हवा अडते आणि निचरा थांबतो. पेशंट नेताना चेंबर आडवं ठेवलेलं असतं त्याचा हा परिणाम. हे सगळं ठीक असेल तर न्यूरोसर्जनला बोलवा. सिरिंजने धक्का देऊन अडथळा काढायचा मोह आवरा.

आणि कवटीतल्या दाबाचा आकडा लिहिताना निचरा बंद करून लिहा. उघड्या नळीवरचा आकडा भरवशाचा नसतो. दाब पाऱ्याच्या २२ मिमीच्या वर टिकून राहिला की कळवायचं. सोबत सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा करा: ९० वजा २५ म्हणजे ६५. मेंदूला रक्त पोचवणारा हा दाब साधारण ६० ते ७० हवा असतो.

झटक्याच्या पेशंटला अल्टिप्लेज (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध) देताना आम्ही डोस बरोबर काढतो, तरी आमचे सर म्हणतात की पेशंटला पूर्ण औषध गेलंच नाही. (कोल्हापूर)

सर बरोबर आहेत, आणि तुमचा हिशेबही बरोबर असेल. औषध नळीत अडकतं.

६० किलोचा पेशंट धरा. किलोला ०.९ मिग्रॅ, म्हणजे ५४ मिग्रॅ. कमाल ९०. त्यातले १० टक्के म्हणजे ५.४ एका मिनिटात बोलस (सुरुवातीचा एकदम दिलेला डोस), उरलेले ४८.६ एका तासात. विरघळवल्यावर १ मिलीत १ मिग्रॅ असतं, त्यामुळे आकडे तेच राहतात. पंप संपल्याची शिटी देतो तेव्हा सेटच्या नळीत १५ ते २० मिली औषध उभं असतं, म्हणजे १५ ते २० मिग्रॅ. जवळजवळ तिसरा हिस्सा. कुणी तो सेट काढून फेकला की गेलं. त्यासाठी शिटी झाल्यावर त्याच नळीतून, त्याच वेगाने सलाइन चालू ठेवायचं. वेग वाढवायचा नाही, नाहीतर नळीतलं औषध एकदम आत जाईल.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. दोन व्हायल मिळून १०० मिग्रॅ तयार होतं आणि सगळंच लटकवलं जातं. जादाचं ४६ मिली आधीच काढून टाका, दुसऱ्या सिस्टरला दाखवून. व्हायल हलवताना गोल फिरवा, खळखळवू नका, फेस होतो. वजन नातेवाइकांना विचारून घेऊ नका. वजनाची खाट नसेल तर स्ट्रेचरचा वजनकाटा शोधा.

नंतरची तपासणी: पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास पुरे होईपर्यंत तासाला. मोजलं तर ३६ वेळा. रात्रीच्या शिफ्टला एका सिस्टरकडे आणखी पाच पेशंट असतील तर हे ३६ रकाने कागदावरच भरले जातात, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली. एकदम डोकं दुखलं, उलटी झाली, गुंगी वाढली तर आधी पंप बंद, मग फोन. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची औषधं घेणाऱ्या पेशंटची जीभ मधूनमधून बघा, ती सुजू शकते.

थंडीत मॅनिटॉलच्या (मेंदूची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या) बाटलीत खडीसाखरेसारखे कण दिसतात. बाटली फेकायची का? (नागपूर)

लगेच नाही. २० टक्के मॅनिटॉल गारठ्यात स्फटिक धरतं. बाटली गरम पाण्यात ठेवा, मधूनमधून हलवा, पूर्ण विरघळल्यावर अंगाच्या उष्णतेइतकी निवू द्या. एकही कण उरला तर फेका. चढवताना फिल्टरचा सेट वापरा. १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं हे लक्षात ठेवा. ६० किलोच्या पेशंटला किलोला अर्धा ग्रॅम म्हणजे दीड बाटली, २० ते ३० मिनिटांत. तासभर ठिबकत ठेवलं तर फायदा निघून जातो. लघवीचं माप लिहायला विसरू नका.

फेनिटॉइन (फिटचं औषध) चढवताना बाटलीत पांढरं दूध झालं. (जळगाव)

डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं असणार. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाइनमध्ये, आणि मिनिटाला ५० मिग्रॅच्या वर नाही. वयस्कर आणि हृदयाच्या पेशंटला त्याहून हळू. मॉनिटर लावून, मोठ्या शिरेतून. हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर हात जांभळा होऊन सुजतो. दूध झालेली बाटली टाकून द्या.

नातेवाईक पेशंटला चोरून चहा पाजतात. कितीदा सांगायचं? (सांगली)

सांगायचं तर रोज, दर भेटीच्या वेळेला. पण ‘तोंडाने काही देऊ नका’ या वाक्यात त्यांच्या मते चहा येत नाही, पाणी येत नाही, आणि तीर्थ तर मुळीच येत नाही. खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहा: ‘चहा, पाणी, दूध, गंगाजल, अंगारा, काहीही तोंडात नको.’ अंगारा कपाळाला लावू द्या, त्यात कुणाचं काही जात नाही.

आणि हे बंधन कधी उठणार तेही त्यांना सांगता आलं पाहिजे. झटक्याच्या प्रत्येक पेशंटची गिळण्याची तपासणी तोंडात पहिली गोळी जाण्याआधी व्हायला हवी. पेशंट पूर्ण जागा आहे, ताठ बसतो, मान सावरते, सांगितल्यावर खोकतो, लाळ गिळतो. इतकं जमलं तर आधी चमच्याने पाणी. ते नीट गेलं तर ९० मिली पाणी न थांबता प्यायला द्यायचं. पिताना किंवा नंतरच्या मिनिटभरात खोकला आला, आवाज ओला, घोगरा झाला तर थांबायचं, आरटी (नाकातून पोटात जाणारी नळी) ठेवायची आणि स्पीच थेरपिस्टला कळवायचं. काही पेशंटांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. पाणी फुप्फुसात जातं तरी ते खोकत नाहीत. म्हणून तपासणीत पास झाला तरी पहिले दोन दिवस ताप आणि श्वासाचा वेग यांवर नजर ठेवा.

मी अधिसेविका आहे. आमच्याकडे न्यूरोच्या ३० खाटा, त्यांत ८ आयसीयूच्या. दरवर्षी आठ-दहा नव्या मुली येतात आणि वर्षभरात निम्म्या जातात. स्वतःचा सहा महिन्यांचा कार्यक्रम सुरू करायचा आहे. काय करावं? (एक जिल्ह्याचं ठिकाण)

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून सविस्तर.

पहिले दोन आठवडे वर्ग आणि कौशल्य प्रयोगशाळा. शरीररचना हवी तेवढीच शिकवा: कुठला भाग गेला की कुठला हात लुळा पडतो, डोळ्याची एक बाहुली मोठी का होते, पाणी कुठून कुठे वाहतं. सीटीवर रक्त पांढरं दिसतं आणि मधली रेघ सरकली की घाई करायची, एवढं कळलं तरी पहिल्या महिन्याला पुरे. आम्ही पाहिलेल्या अनेक कार्यक्रमांत हे दोन आठवडे वाढत वाढत दोन महिने होतात. वर्ग घेणं सोपं असतं, खाटेजवळ उभं राहून शिकवणं अवघड, हे त्याचं कारण.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत वॉर्ड, आणि नवव्या ते सोळाव्यापर्यंत आयसीयू. प्रत्येक मुलीला एक ठरलेली मार्गदर्शक सिस्टर, आणि दोघींची ड्यूटी एकच, ऑफसुद्धा एकत्र. मार्गदर्शक रोज बदलली तर मुलगी रोज नव्याने परीक्षा देते आणि शिकत काहीच नाही. मार्गदर्शकाचे पेशंट एकाने कमी करा आणि तिला थोडा भत्ता द्या. न्यूरोतल्या चांगल्या सिस्टरवर आधीच सगळ्यांची भिस्त असते. त्यात शिकवण्याचं काम फुकट टाकलं तर ती तीन महिन्यांत ‘मला नको’ म्हणेल, आणि ते योग्यच आहे.

सतराव्या ते विसाव्या आठवड्यात अपघात विभाग, ऑपरेशन थिएटर, सीटी, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि फिजिओथेरपी, प्रत्येक ठिकाणी थोडे दिवस. हे दिवस कागदावर शोभेचे वाटतात, पण ईईजीच्या खोलीत एक दिवस बसलेली मुलगी नंतर फिटची नोंद वेगळी करते. ‘फिट आली’ एवढंच न लिहिता डोळे कुठे वळले, कुठला हात आधी हलला, किती वेळ चाललं, नंतर कुठला हात लुळा पडला, ते लिहिते. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ती आणीबाणी हेही तिला मग वेगळं सांगावं लागत नाही. शेवटचे चार आठवडे स्वतंत्र पेशंट, मार्गदर्शक नजरेच्या टप्प्यात.

कार्यक्रम कोसळतो तो बहुधा याच कारणाने: नवी मुलगी ड्यूटी लिस्टमध्ये पूर्ण सिस्टर म्हणून मोजली जाते. एक जण आजारी पडली की शिकणारीला ओढलं जातं, आणि तिसऱ्या आठवड्यात ती रात्री एकटी सहा पेशंट सांभाळते. तिची रात्रपाळी आठव्या आठवड्याच्या आत लावू नका. नंतरही पहिली लावाल ती मार्गदर्शकाबरोबरच.

मूल्यमापन सोपं ठेवा. स्कोअर काढणं, बाहुल्या तपासणं, ईव्हीडीची पातळी लावणं, ट्रॅकीचं (गळ्यात बसवलेल्या श्वासाच्या नळीचं) सक्शन, गिळण्याची तपासणी, मणक्याच्या पेशंटला चौघांनी एकसंध वळवणं. प्रत्येक कौशल्य आधी पाहिलं, मग मदतीने केलं, मग एकटीने केलं. तीन वेगळ्या तारखा आणि तीन सह्या. सगळ्या सह्या शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने झालेल्या दिसल्या तर ती वही रद्दीत घाला. महिन्यातून एकदा दहा पेशंट निवडून मुलीने आणि मार्गदर्शकाने एकमेकींना न दाखवता स्कोअर काढावा, मग ताडून पाहावा. कार्यक्रम चालतोय की नाही हे त्यात चटकन दिसतं.

मुली जातात का, हे जाणाऱ्या मुलींनाच विचारा. पगाराबरोबर ‘एकटं पाडलं’ हेही कारण निघेल.

प्रशिक्षणासाठी दोन वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं मागतात. द्यावीत का? (ठाणे)

मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रत द्या. बाँडमध्ये तीन गोष्टी लेखी घ्या: प्रशिक्षणकाळातला पगार किंवा विद्यावेतन, मधेच सोडल्यास भरायची रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि दुसऱ्या विभागात बदली केल्यास बाँडचं काय. न्यूरो शिकवून मुलीला बालरोग विभागात पाठवलेली उदाहरणं आहेत.

मी ब्रदर आहे, न्यूरो आयसीयूचा चार वर्षांचा अनुभव. अमेरिकेत न्यूरो रेसिडेन्सी मिळेल का? (मुंबई)

तिथली रेसिडेन्सी बहुतेक ठिकाणी नुकत्याच पास झालेल्यांसाठी असते, एक वर्षाहून कमी अनुभव असलेल्यांसाठी. तुम्ही अनुभवी गटात मोडाल. तुमच्यासाठी ‘फेलोशिप’ किंवा ‘ट्रान्झिशन’ नावाचे छोटे कार्यक्रम शोधा. आधी एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा आणि त्या राज्याचा परवाना. नंतर सीएनआरएन हे न्यूरो नर्सिंगचं प्रमाणन आहे. त्याला मागच्या तीन वर्षांतलं २,०८० तासांचं न्यूरोचं काम लागतं. झटक्याच्या शाखेसाठी एससीआरएन वेगळं. इथल्या कामाचे तास दाखवणारं सही-शिक्क्याचं पत्र नोकरी सोडण्याआधीच घेऊन ठेवा.

रात्री डॉक्टरांना उठवायला भीती वाटते. आकडे तर ठीक असतात, पण पेशंट ‘वेगळा’ वाटतो. काय सांगायचं? (सोलापूर)

‘वेगळा वाटतो’ हे न्यूरोत खरं निरीक्षण आहे. फक्त त्याला तुलनेचे शब्द द्यायचे. फोन करण्याआधी खाटेजवळ उभं राहून स्वतःला विचारा: मागच्या तासाला हा काय करत होता जे आता करत नाही? मग सांगा: ‘सर, सात नंबर, काल ऑपरेशन झालेला. अकरा वाजता स्वतःहून डोळे उघडून पाणी मागत होता. आता हाक मारल्यावर उघडतो, नाव सांगतो, महिना चुकवतो. उजवी बाहुली तीन, डावी चार, दोन्ही उजेडाला आक्रसतात. रक्तदाब १५०/९०, नाडी ७०, साखर ११२. तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.’ वीस सेकंद लागतात. साखर आधीच तपासलेली असली की एक प्रश्न वाचतो.

रक्तदाब चढतोय, नाडी उतरतेय आणि श्वास अनियमित होतोय, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसेपर्यंत थांबणाऱ्या सिस्टर आम्हांला भेटतात, कारण पुस्तकात ती ठळक छापलेली असतात. ती फार उशिराची खूण आहे. त्याच्या तासभर आधी पेशंट नुसता चिडचिडा झालेला असतो, पांघरूण ओढत असतो, किंवा नेहमी भांडणारा पेशंट गप्प पडलेला असतो. फोन तेव्हा करायचा. डॉक्टर रागावले तर वेळ, नाव आणि काय सांगितलं ते केस पेपरवर लिहा, आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा.